मालकांना फोन लाव

मला अजूनही नवल वाटतं, आणि त्याची मला बिलकुल लाज वाटत नाही. सांगलीतल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, राहते जवळच माधवनगरला. दिवसभर पुस्तकांच्या राशीत बसणारी ही बाई नवा फोन, नवं ॲप म्हटलं की तहानभूक विसरते, यावरून आमच्या स्टाफरूममध्ये माझी भरपूर टिंगल होते. "मॅडमच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण चार्जर दोन-चार निघतील," असं इतिहासाचे सर म्हणतात. निघतात. सरांचा फोन अडला की ते सगळ्यात आधी माझ्याच टेबलापाशी येतात, एवढं मात्र ते कुणाला सांगत नाहीत.

मोबाइलनं माणसांचं वाटोळं केलं, असं कुणी सुरू केलं की माझं डोकं सणकतं. बरं, ही वाक्यं मला मोबाइलवरच आलेली असतात, खाली हात जोडल्याचं चित्र लावून. वाटोळं करून घेणाऱ्याला पत्त्यांचा डावही पुरतो. मी मात्र पाहिलंय की सीमेवर बर्फात उभ्या असलेल्या माझ्या फौजी भावाला फोनवर आमच्या म्हशीचं कालच जन्मलेलं रेडकू दिसलं, आणि तो तिकडून "आरं, कपाळावर चांद हाय की!" म्हणून ओरडला. ही गोष्ट ज्यांना साधी वाटते त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मला ती साधी वाटत नाही, इतकंच.

माझं माहेर कुंडलच्या पुढे. गाव एका अंगाला आणि आमचं घर गावापासून लांब, मळ्यात. चहूबाजूंनी ऊस. तो वाढला की घरातून रस्ता दिसत नाही आणि रस्त्यावरून घर दिसत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, सैन्यातून सुभेदार होऊन परतले ते या मळ्यात राहायला आले, आणि आई तर त्याच्याही आधीपासून इथेच. आबा पलटणीत असताना हा मळा तिनंच राखला. त्यामुळे हा मळा आबांच्या नावावर असला तरी तो आईचा आहे, हे आम्ही सगळे जाणून आहोत.

मग आईचे डोळे गेले. एकदम नाही. पडद्याचा आजार, नजरेचा मधला भाग पुसत गेला आणि कडा तेवढ्या उरल्या. समोर उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण त्याच्या बाजूची भिंत दिसते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. आई घरात सराईतपणे वावरायची, चूल-गॅस सगळं करायची. पण आबा रानात गेले की मळ्यात ती एकटी असायची.

दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, सीमेवरून निकाल देऊन टाकला. "पुढच्या रजेला आलो की दोघांना माधवनगरला तुझ्याजवळ आणून सोडतो. मळ्यात काय झालं तर तिला फोनसुद्धा लावता यायचा नाही." त्याचं काही चुकत नव्हतं. आईनं ते ऐकलं आणि त्या दिवशी जेवली नाही. मला एवढंच म्हणाली, "बाई, घर हाताला ठावं हाय म्हणून मी आंधळी न्हाई. तुझ्या फ्लॅटात मी आंधळी हुईन."

ते वाक्य माझ्या काळजात रुतलं. मी दादाला म्हटलं, तुझ्या रजेपर्यंत मला मुदत दे. आयुष्यभर ज्या वेडापायी बोलणी खाल्ली, ते आता आईच्या कामी येतं का बघू.

पहिला हात घातला तो आबांच्या मोटरीला. विहिरीवरचा पंप फोनवरून चालू-बंद करायचा स्टार्टर आता आपल्याकडे घरोघर दिसतो. तो बसवून घेतला, म्हणजे आबांची खेप वाचेल. आबांनी ओट्यावर बसून बटण दाबलं, लांबून मोटरीचा आवाज आला, आणि ते कितीतरी वेळ फोनकडे बघत राहिले. "आमच्या वायरलेसवाल्यानं हे बघितलं आसतं तर सॅल्यूट ठोकला आसता," म्हणाले. मग उठून चप्पल घातली. कुठे निघालात विचारलं, तर म्हणाले, "पाणी आलं का बघून येतो की." पाणी डोळ्यानं बघितल्याशिवाय आबांना ते आल्यासारखं वाटत नाही. खेप काही वाचली नाही.

आईसाठी फोन घेतला तो बोललेलं ऐकणारा. त्याच्या कडेचं बटण दाबून धरलं की आतली बाई मराठीत विचारते, काय मदत करू. ते बटण बोटाला सापडावं म्हणून मी त्यावर आईचीच एक खड्याची टिकली चिकटवली. आई तिच्याशी बोलायची तेही रीतसर. "आवं बाई, किती वाजलं सांगता का जरा?" बाईनं वेळ सांगितली की, "बरं झालं बाई," म्हणून पोच द्यायची. मी म्हटलं, आई, ते यंत्र आहे, त्याला उपकार मानायला नको. ती म्हणाली, "आसंना का. काम तर करती." पुढे पुढे मीही घरी कुणी नसताना माझ्या फोनला बरं झालं बाई म्हणू लागले.

आणि मग ते कॅमेऱ्याचं ॲप. फोन समोर धरला की जे दिसतंय ते तो बोलून सांगतो. आईनं ताटातल्या भाजीवर धरला. फोन म्हणाला, हिरव्या पानांची भाजी. "मेथी हाय का शेपू, ते माझं नाक सांगतंय, तू नवीन काय ते सांग," असं म्हणून तिनं तो फिरवत फिरवत माझ्यापुढे आणला. फोन म्हणाला, चष्मा घातलेली एक स्त्री, हसत आहे, केस पांढरे होत आहेत.

आईचा हात तसाच राहिला. "पिकलं व्हय गं क्यास तुझं?"

माझं हसू मावळलं. तिच्या डोळ्यांतली मी कधीची थांबलेली होते, काळ्याभोर केसांची, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही दोघी रडलो. तळहाताएवढ्या काचेच्या तुकड्यानं एका आईला तिच्या लेकीचं वय सांगितलं. त्या दिवसापासून मी त्या फोनकडे निराळ्या नजरेनं बघते.

सगळं जमत आलं, फक्त मुख्य गोष्ट अडली. आबांना फोन लावणं.

फोनमध्ये आबांचं नाव होतं, जसं असतं तसं, पूर्ण. आईनं फक्त म्हणायचं होतं, अमक्यांना फोन लाव. आई बटण दाबून म्हणाली, "त्यास्नी फोन लावा." बाई म्हणाली, मला समजलं नाही. आई म्हणाली, "आवं, ह्यास्नी." बाईला तेही समजलं नाही. "आसं काय करता बाई," आई कळवळून म्हणाली, "घरात दुसरं हाय कोण?"

आईनं आबांचं नाव कधी घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. दवाखान्यात केसपेपर काढताना कुणी विचारलं तर ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचे. आमच्याकडे ही काही नवलाची गोष्ट नाही. तिच्या वयाच्या बायकांना त्यात सक्ती वाटत नाही. नाव घेतलं तर ज्याचं घेतलं त्याचं आयुष्य कमी होतं, असं कुणीतरी त्यांच्या मनावर लहानपणीच कोरून ठेवलेलं. आबा गंमत म्हणून म्हणाले, "घे की, फोन काय मास्तर हाय का?" तर तिनं पदरानं तोंड झाकलं.

मी नाव बदलून "सुभेदार" असं लिहिलं. सारं गाव त्यांना तेच म्हणतं. आईनं खुशीत आज्ञा दिली, आणि फोननं विचारलं, कोणते सुभेदार? आमच्याकडे घराआड एक फौजी. मामा सुभेदार, आत्याचे यजमान सुभेदार, पलीकडच्या वस्तीवरचे पाहुणे सुभेदार. बाई सगळ्यांची हजेरी घ्यायला लागली. आबा पोट धरून हसले. शेवटी मी "मालक" असं लिहिलं. आई इतर बायकांशी बोलताना म्हणतेच तसं, आमचं मालक. "बाई, मालकांना फोन लावता का?" आणि आबांच्या खिशात फोन वाजला. आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघायला दादा असायला हवा होता.

दादाच्या रजेला थोडेच दिवस उरले होते. आणखी एक सोय करून ठेवली. आमच्या गावानं फोनची एक यंत्रणा घेतली आहे. संकट आलं की एका नंबरवर फोन करायचा, काय झालं ते बोलायचं, आणि तोच आवाज लगोलग गावातल्या सगळ्या फोनवर जातो. उसात बिबट्या दिसला की हमखास वाजतो. मीही माझा नंबर त्यात घालून घेतलेला, म्हणजे बिबट्या गावात आणि दचकते मी माधवनगरात. पोलीसपाटलांनी नियम सांगून ठेवलेला: आधी आपलं नाव, मग ठिकाण, मग काय घडलं ते. तो नंबर मी आईच्या फोनमध्ये "गाव" म्हणून ठेवला. तेव्हा मला एवढंच वाटलं, असू दे.

त्या दुपारी मी लायब्ररीत होते. फोन मुका करून ड्रॉवरमध्ये ठेवलेला, तो थरथरला. गावचा नंबर बघून मी व्हरांड्यात आले. म्हटलं, आला बिबट्या.

"आवं, ऐकताय न्हवं समदी? आमचं मालक रानात गेल्यालं, आजून आल्यालं न्हाईत. फोन बी उचलंनात. जरा बगा की कुणीतरी."

बस्स, एवढंच. आईचा आवाज मला न कळायला काय झालं! पण गावाला कसा कळणार? मळ्यात राहणारी, गावातल्या कुणाशी फोनवर कधी न बोललेली बाई. गावच्या सगळ्या फोनवरून एक बाई सांगत होती की आमचं मालक आलं नाहीत, आणि गावातल्या प्रत्येक बाईचं मालक हे आमचं मालकच. नंतर कळलं, रानात असलेल्या कितीतरी पुरुषांनी घाबरून घरी फोन लावले. "आगं, हाय की मी हितं! गावाला कशापायी सांगाय गेलीस?" बायका म्हणाल्या, मी कुठं काय बोलले. एक गडी तर खुरपं टाकून पळत घरी गेला.

मी आईला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिचा फोन व्यस्तच. आबांचा लावला, नुसता वाजत राहिला.

तिकडे काय चाललं होतं ते आईनं मागून सांगितलं. यंत्रणेचा फोन सगळ्यांना जातो, तसा तो तिलाही आला. तिनं तो कानाला लावला आणि स्वतःचाच आवाज ऐकला. "मलाच कळंना, ही कुटली बाई," ती म्हणाली. "म्हटलं, कुणाचं गं बाई मालक? आनि मग कळालं, आगं, ही तर मीच. मग आपलं मानूस कसं घावायचं?" तिनं टिकली दाबली आणि पुन्हा गावाला फोन लावायला सांगितला.

माझा फोन पुन्हा थरथरला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग बांगड्या किणकिणल्या. आणि मग आबांचं नाव आलं.

सगळं. आधी त्यांचं, मग आजोबांचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं, मग आडनाव. शाळेत हजेरी घेतात तसं, खणखणीत. "यांची बायको बोलतीया, मळ्यातनं. त्ये इहिरीकडं गेल्यालं, आल्यालं न्हाईत. धावा."

ते नाव मी शेकडो कागदांवर लिहिलं आहे. माझ्या स्वतःच्या नावाला ते जन्मापासून चिकटलेलं आहे. तरी क्षणभर मला ते अनोळखी वाटलं, कारण त्या आवाजात ते मी कधी ऐकलंच नव्हतं. आणि मी एकटी नव्हते ऐकणारी. पारावर, दुधाच्या डेअरीत, ट्रॅक्टरवर, चुलीपुढे, गावातल्या झाडून सगळ्या फोनवर एकाच दमात आई ते नाव घेत होती. मी यंत्रांवर आजवर जितकी खूश झाले असेन, त्या सगळ्याची बेरीज या एका फोनपुढे थिटी आहे.

मी गाडी काढली. पलूसच्या अलीकडे असतानाच भाऊबंदातल्या एकाचा फोन आला. सापडले. चराच्या कडेला पाय घसरून खाली पडलेले, मांडीचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर. मिरजेला घेऊन येतोय, तुम्ही तशाच मागे फिरा. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून हमसून हमसून रडले आणि मग मागे फिरले.

ऑपरेशन झालं, पायात स्टीलची पट्टी बसली. दोन दिवसांनी आबांना बोलायचं त्राण आलं. आई हात धुवायला गेली होती. ते मला म्हणाले, "फोन मोटरीच्या खोपीत खुट्टीला, आनि मी हिकडं चरात. वरडून वरडून घसा बसला. त्यो शेजारचा ट्रॅक्टर, त्याच्यापुढं माझं काय चालतंय? मग ट्रॅक्टर थांबला. फोन आल्ता त्याला, हात चिखलानं भरल्यालं म्हणून त्यानं मोठ्यानं लावला. कुणाचं तरी मालक हरवलंय म्हणत हुती बाई. मी म्हटलं, बघा, आपल्यावानीच दुसरं कोन तरी पडलंय बिचारं."

मला हसू आवरेना. तेही हसले आणि कळ आली म्हणून थांबले.

"आनि मग नावानं हाक आली." ते छताकडे बघत राहिले. "तुझ्या आईची. पैल्यांदा वाटलं, आटपलं आपलं. वरनं बोलवाय लागलेत. पन वरचं कशाला तुझ्या आईचा आवाज काढतील? मग आशी आरोळी ठोकली, परेड ग्राउंडवर ठोकली नव्हती तशी. त्यो गडी दचकून ट्रॅक्टरवरनंच पडायचा."

दादा रजेवर आला तेव्हा आबा काठी घेऊन चालायला लागले होते. बोलायचं म्हणून तो बरंच ठरवून आला असावा. पण गावात उतरल्यापासून मळ्यात पोचेपर्यंत वाटेत भेटेल त्या माणसानं त्याला आईच्या फोनची कथा सांगितली, प्रत्येकानं आपापल्या परीनं. संध्याकाळी आईनं त्याच्यापुढे टिकली दाबून भावकीतल्या चार घरांना फोन लावून दाखवले. दादा म्हणाला, "राहू दे मळ्यातच. तिच्या एका हाकेला सगळं गाव उठतंय. माधवनगरला कोण उठंल?" माधवनगरात मी राहते, हे तो विसरला. मी ते मनावर घेतलं नाही.

आईनं त्यानंतर आबांचं नाव पुन्हा घेतलेलं नाही. कुणी तो विषय काढला की म्हणते, "ते मी फोनला सांगिटलं, मानसांना न्हाई."

गोष्ट इथे संपली असती. पण दवाखान्यातल्या त्या दिवशी आबांनी हळूच विचारलं होतं, "तुझ्याकडं आसंल न्हवं ते? तुझा फोन तर पाल चुकचुकली तरी टेप करतोय." होतं. माझ्या फोनवर येणारा प्रत्येक कॉल आपोआप साठवला जातो. मी लावलं. आबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आनि एकदा." मग दाराकडे बघत, कुणी ऐकू नये अशा बेतानं, त्यांनी एक गोष्ट मागितली. असं होतं का, विचारलं. मी म्हटलं, आबा, होतं. ते नाव तेवढं कापून घ्यायला मला सुईत दोरा ओवण्याइतकाही वेळ लागला नाही.

परवा मी मळ्यात गेले होते. आबा काठी टेकत पाणी बघायला निघाले, मी सोबत. खोपीपाशी बसलो. फोन आता खुंटीला नसतो, सदऱ्याच्या खिशात असतो. घरी आईनं टिकली दाबली असणार आणि बाईला म्हटलं असणार, मालकांना फोन लावता का. ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, आणि इथे काय वाजतं ते तिला ऐकू जात नव्हतं. आबांच्या खिशातून आईच्या आवाजात आबांचं नाव आलं. पूर्ण, खणखणीत, आजूबाजूच्या उसात घुमेल असं. थांबलं, पुन्हा आलं. शेजारच्या रानातला गडी मान वर करून हसला आणि पुन्हा कामाला लागला.

"उचला की, आबा," मी म्हटलं.

"थांब," आबा म्हणाले. "आजून एकदा हाक मारू दे."

तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा त्यांनी फोन कानाला लावला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "बोल."

"आवं, उचलाय किती येळ लावताय?" आई म्हणाली. "च्या निवला की!"